प्रकाशानें लिहिलेलीं नांवें

मनुष्यानें ज्या ज्या वस्तूंवर लिहिलें, त्या प्रत्येक वस्तूची लेखनाची रीति वेगळी आणि नाशाची रीतिही वेगळी. ताम्रपटाचा शत्रु लोभ. तांब्याच्या किंमतीसाठीं तो वितळविला जातो. ताडपत्राचा शत्रु कसर, कागदाचा शत्रु ओल व वाळवी. या मालिकेंत एकविसाव्या शतकाच्या आरंभीं एका नव्या लेखनपद्धतीची भर पडली, आणि दहा वर्षांच्या आंतबाहेर ती मागेंही पडली. ज्या तबकडीवर गाणीं, छायाचित्रें किंवा चलच्चित्रें सांठवावयाचीं, तिच्याच पाठीवर त्याच यंत्रांतील लेसर-किरणानें तिचें नांव उमटवावयाचें, अशी ही पद्धति होती. तिचा मोठा दोष असा कीं, अक्षरें पुष्कळदां पुसट उठत. आणि ठळक उठलीं तरी कालांतरानें फिकट होत. हा दोष कां उत्पन्न झाला, त्यावर कोणते उपाय योजण्यांत आले, आणि त्यांतील कोणते खरोखर गुणावह होते, हा वृत्तान्त लहान असला तरी बोधप्रद आहे. ज्या घरांतून २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत लग्नामुंजीचीं चित्रें अशा तबकड्यांवर उतरविलीं गेलीं, त्या घरांस तर तो आजही कामाचा आहे. कपाटांतील तबकड्या जागच्या जागीं आहेत. त्यांवरचीं नांवें मात्र एकेक करून जात आहेत.

प्रथम तबकडीची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनीं मिळून सिद्ध केलेली सीडी १९८२ सालीं जपानांत विक्रीस आली. तिचा व्यास १२ सेंटिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर. खालच्या बाजूनें शिरणारा लेसर-किरण जवळजवळ सर्व जाडी ओलांडून वर जातो, आणि वरच्या पृष्ठालगत असलेल्या धातूच्या पातळ थरावर आपटून परत येतो. म्हणजे मजकुराचा थर खालीं नसून वर, नांवाच्या अगदीं पोटाशीं आहे. मध्यें केवळ एका पातळ लेपाचें आवरण. पुष्कळ लोक तबकडीच्या चकचकीत बाजूस फार जपतात आणि नांवाच्या बाजूस बेफिकीरपणें हाताळतात; वस्तुतः सीडीची अधिक नाजूक बाजू नांवाचीच होय. पुढें आलेल्या डीव्हीडींत ही स्थिति बदलली. तेथें मजकुराचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो.

कारखान्यांत निघालेल्या तबकडीवर नांवही कारखान्यांतच छापलें जाई, त्यामुळें नांवाचा प्रश्न प्रारंभीं उद्भवला नाहीं. तो उद्भवला १९९० च्या सुमारास, जेव्हां घरीं लिहितां येण्याजोगी सीडी निघाली. या सीडींत धातूच्या थराखालीं एका सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लेखनाच्या वेळीं लेसरचें बळ वाढवून तो थर ठिकठिकाणीं भाजला जातो, व भाजलेल्या आणि न भाजलेल्या जागांच्या फरकांतून मजकूर वाचला जातो. या शोधामुळें मजकूर लिहिण्याचें स्वातंत्र्य घरोघरीं आलें. नांव छापण्याचें मात्र आलें नाहीं. ज्याला जें सुचलें तें त्यानें केलें. कोणी उग्र वासाच्या शाईच्या पेनानें नांव लिहिलें; त्या शाईंतील द्रावक वरच्या लेपास बाधक ठरूं शकतें. कोणी कागदाची चिकटपट्टी लाविली. ती किंचित् एका बाजूस सरकली तरी तबकडीचा तोल बिघडतो, आणि जलद ड्राइव्हमध्यें तबकडी मिनिटास दहा हजारांच्या आसपास फेरे घेते हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या लहानशा चुकीचें मोल कळतें. कोणी पांढऱ्या लेपाच्या निराळ्या तबकड्या घेऊन त्यांवर शाई फवारणाऱ्या यंत्रानें छापिलें. तेथें ओलसर बोटाची भीति. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें २००३ सालीं फ्रेड बायर्स यांनीं लिहिलेली तबकड्यांच्या निगेविषयींची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचा सल्ला साधा होता. कागदी लेबल लावूं नये. लिहावयाचेंच तर पाण्यांत कालविलेल्या शाईच्या मऊ टोंकाच्या पेनानें लिहावें, आणि तेंही शक्य तर मध्यभागींच्या पारदर्शक कड्यावर, जेथें मजकूर मुळींच नसतो.

हा सल्ला शहाणपणाचा खरा, परंतु सौंदर्यदृष्टीचें समाधान करणारा नव्हे. आपल्या मुलीच्या लग्नाच्या तबकडीवर सुबक अक्षर असावें असें कोणास वाटणार नाहीं? या इच्छेंतूनच लेसरनें नांव लिहिण्याची कल्पना पुढें आली. पहिला प्रयत्न यामाहा या जपानी कंपनीचा. तिनें २००२ सालीं काढलेल्या एका ड्राइव्हमध्यें तबकडीच्या मजकुराच्याच बाजूवर, मजकूर संपल्यानंतर जी जागा मोकळी राहील तिच्यांत, चित्र अथवा अक्षरें उमटविण्याची सोय होती. तिला ‘डिस्क टॅटू’ असें नांव दिलें होतें. युक्ति चतुर होती, पण तिची अडचणही उघड होती. तबकडी जितकी भरलेली तितकी नांवास जागा कमी. आणि पूर्ण भरलेल्या तबकडीला नांव नाहींच. घरांत सामान फार झालें म्हणून दारावरची पाटी काढून ठेवावी, त्यांतलाच हा प्रकार.

दुसरा व अधिक यशस्वी प्रयत्न ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीचा. ऑरेगन संस्थानांतील कॉर्व्हॅलिस येथें या कंपनीचें मोठें केंद्र होतें, आणि शाई फवारणाऱ्या मुद्रणयंत्रांचें पुष्कळसें काम तेथेंच झालें होतें. त्या केंद्रांतील डॅरिल अँडरसन या अभियंत्याची ही कल्पना. जो लेसर खालच्या बाजूचें रंगद्रव्य भाजून मजकूर लिहितो, त्याच्यासमोर तबकडी उपडी धरली, आणि वरच्या बाजूसही उष्णतेनें रंग बदलणारा लेप दिलेला असला, तर नांव लिहिण्यास दुसऱ्या यंत्राची गरजच काय? जानेवारी २००४ मध्यें या पद्धतीची घोषणा झाली, व २००५ च्या आरंभापासून ड्राइव्ह आणि तबकड्या बाजारांत दिसूं लागल्या. तिचें नांव ‘लाइटस्क्राइब’, म्हणजे प्रकाशरूपी लेखनिक. प्रथम मजकूर लिहावा, मग तबकडी उलटी घालावी, आणि संगणकावर आधीं जुळवून ठेवलेलें नांव उमटवावें, इतकी ती कृति सोपी होती. सोनेरी-पिवळसर पार्श्वभूमीवर करड्या रंगाचीं अक्षरें उठत. तबकडी फिरत असतां किरण आंतून बाहेर सरकत जाई, व एकामागून एक समकेंद्र वर्तुळें काढून सर्व आकृति पूर्ण करी.

या लेखनास लोक ‘लेसरनें कोरलेलें’ असें म्हणूं लागले, आणि सगळ्या गैरसमजाचें मूळ या एका शब्दांत आहे. कोरणें म्हटलें म्हणजे टांकीनें दगडाचा अंश काढणें, किंवा अम्लानें तांब्याचा पत्रा खाणें, असें चित्र आपल्यापुढें उभें राहतें. आणि जें कोरलें तें टिकलें, अशी अपेक्षा आपोआप त्यामागून येते. लाइटस्क्राइबमध्यें कोरण्याजोगें कांहींच घडत नव्हतें. लेपाचा कणही निघून जात नसे. एकोणिसाव्या शतकांत मुंबई-पुण्याकडे शिळाप्रेसवर निघालेल्या पोथ्यांच्या बाबतींतही अशीच नांवाची फसगत होते. शिळेचें नांव ऐकून कोरीव काम आठवतें, परंतु त्या छपाईंत दगडावर कांहींच कोरलेलें नसतें. स्निग्ध शाई आणि पाणी यांच्या परस्परविरोधावर सगळा खेळ चालतो. तरी शिळाप्रेसची शाई शेवटीं कागदावर येऊन स्थिर होत असे. लाइटस्क्राइबचा रंग स्थिर करण्याची मात्र कोणतीही योजना नव्हती.

त्या लेपाचें रसायन थोडक्यांत असें. त्यांत एक रंगद्रव्य असतें, तें मूळ अवस्थेंत जवळजवळ वर्णहीन असतें. ग्रीक भाषेंतील ‘श्वेत’ या अर्थाच्या शब्दावरून त्यास ‘ल्यूको’ रंगद्रव्य म्हणतात. त्याच्या शेजारीं एक अम्लधर्मी पदार्थ असतो. दोघे एकत्र असूनही एकमेकांपासून अलग ठेवलेले असतात. तिसरें द्रव्य लेसरचा ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांस जेमतेम दिसणारा प्रकाश शोषून घेतें व त्याची उष्णता करतें. त्या उष्णतेनें पहिलीं दोन द्रव्यें वितळून एकमेकांस भेटतात, रंगद्रव्याच्या रेणूंतील एक कडी उघडते, आणि काळसर रंग प्रकट होतो. एस. टी.च्या वाहकाच्या यंत्रांतून किंवा बँकेच्या यंत्रांतून जो गुळगुळीत कागद बाहेर येतो, त्यावरचीं अक्षरें याच तत्त्वावर उठतात. अशी पावती खिशांत अथवा उन्हांत राहिली म्हणजे चार-सहा महिन्यांत तिची काय दशा होते, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. त्या पावतीची ही थोर बहीण. वागण्यांत अधिक सुधारलेली, पण कुळ एकच.

या कुळाचा इतिहास पाहिला तर तो तीनशें वर्षें मागें जातो. जर्मन विद्वान योहान हाइनरिख शुल्झ यानें १७१७ च्या सुमारास खडू व रौप्याचें एक क्षारमिश्रण बाटलींत भरलें, बाटलीस अक्षरें कापलेला कागद गुंडाळला, आणि ती उन्हांत ठेविली. कागद काढतांच आंतील द्रव्यावर तींच अक्षरें काळीं उमटलेलीं दिसलीं. उष्णतेनें नव्हे, प्रकाशानें हा रंग येतो, हें त्यानें दाखवून दिलें. परंतु बाटली हलविली कीं लेखन नाहींसें! पुढें १८०२ सालीं टॉमस वेजवुड व हम्फ्री डेव्ही यांनीं रौप्याचा क्षार लावलेल्या कागदावर व चामड्यावर छायाकृति उठविल्या. त्या दिसत, पण मेणबत्तीच्या मंद उजेडांतच पाहाव्या लागत. दिवसाच्या उजेडांत आणल्या कीं सबंध कागदच काळा पडे आणि आकृति त्यांत बुडून जाई. प्रकाशानें लिहिण्याची विद्या त्यांना साधली होती. लिहिलेलें राखण्याची विद्या साधली नव्हती. ही दुसरी विद्या जॉन हर्शेलनें दिली. एक विशिष्ट क्षार रौप्याच्या संयुगांना विरघळवितो हें त्यानें १८१९ मध्येंच पाहिलें होतें. १८३९ मध्यें छायाचित्रणाची वार्ता पसरतांच त्यानें तो गुण छायाचित्र स्थिर करण्याकडे लाविला. जें रौप्य प्रकाशानें बदललें नाहीं तें धुऊन काढावयाचें, म्हणजे पुढें बदलावयास कांहीं उरतच नाहीं. छायाचित्रणाचा खरा जन्म या धुण्यांत आहे. लाइटस्क्राइबच्या तबकडीला असें धुणें नव्हतें. न बदललेलें द्रव्य तेथेंच राही, बदललेलेंही पुन्हां मूळ स्थितीकडे झुकूं शके. दोनशें वर्षांपूर्वीं वेजवुड ज्या उंबरठ्यावर अडला, त्याच उंबरठ्यावर ही अद्ययावत् विद्या जाणूनबुजून थांबली, कारण घरगुती यंत्रांत रसायनांची बशी ठेवणें कोणासही परवडणारें नव्हतें.

आतां पुसटपणाकडे वळूं. तो दोन प्रकारचा होता, आणि दोहोंची गल्लत केल्यामुळें पुष्कळांचे श्रम वायां गेले. पहिला प्रकार जन्मतःच पुसट असण्याचा. दुसरा, ठळक जन्मून पुढें फिकट होण्याचा. एकाचे उपाय दुसऱ्यास चालत नाहींत.

जन्मतः पुसटपणाचें मुख्य कारण उष्णतेची कमतरता. एका जागीं किती उष्णता पोंचावी हें दोन गोष्टींवर अवलंबून असतें: किरणाचें बळ, आणि ती जागा किरणाखालीं किती वेळ राहते. संगणकांतील सॉफ्टवेअरमध्यें कच्ची, मध्यम व उत्तम अशा तीन प्रती निवडतां येत. कच्च्या प्रतींत वर्तुळें विरळ काढलीं जात. दोन वर्तुळांमधून मूळचा पिवळा लेप डोकावे आणि डोळ्यास सर्वच फिकट भासे. उत्तम प्रतींत वर्तुळें दाट बसत, पण वेळ फार लागे. पृष्ठभर चित्र असल्यास वीस-तीस मिनिटें सहज जात. पुष्कळांनीं घाईनें कच्ची प्रत निवडली व दोष तबकडीस दिला. कंपनीनें पुढें ठळकपणा वाढविणारें एक लहान साधनही वेगळें दिलें. तें चालू केलें म्हणजे वेळ आणखी लागे, परंतु अक्षर गडद उठे.

दुसरें कारण अधिक सूक्ष्म आहे. मजकुराच्या बाजूवर लेसरला वाट दाखविण्यास बारीक चर असतो, आणि वरून पारदर्शक जाडी असते. भिंगाची सर्व जुळणी त्या जाडीस धरून केलेली. उपड्या तबकडीवर चरही नाहीं व ती जाडीही नाहीं. लेप अगदीं पृष्ठावर. तेथें किरण नेमका एका बिंदूंत आणणें हें यंत्रास सवयीबाहेरचें काम. तबकडी किंचित् वांकलेली असली, किंवा भिंगावर धुळीचा पापुद्रा असला, तर मजकूर कसाबसा लिहिला जाई, पण नांव मात्र पुसट होई. म्हणून तबकडी घालण्यापूर्वीं नांवाची बाजू मऊ, तंतु न सोडणाऱ्या फडक्यानें हलकेच पुसावी, आणि लेपावर बोटें लावूं नयेत. हातांचें तेल हा या लेपाचा शत्रु आहे, हें सांगून वाचकांस पटावयाचें नाहीं. पण रंगद्रव्य व अम्ल यांना विरघळविणारा कोणताही स्निग्ध पदार्थ त्यांच्या नाजूक संसारांत बिब्बा घालतो.

तिसरें कारण सर्वांत कमी लोकांस ठाऊक होतें. प्रत्येक तबकडीच्या मध्याशीं, छिद्राभोंवतालच्या वलयावर, एक बारीक खूणमाला छापलेली असे. तींत दोन गोष्टी लिहिलेल्या असत: ही तबकडी कोणत्या लेपाची आहे, आणि तिची फिरण्याची नेमकी स्थिति कोणती. पहिल्या गोष्टीवरून संगणकांतील सॉफ्टवेअर आपल्या कोष्टकांत शोध घेई कीं, या लेपास किती बळ व किती गति लागते. कोष्टक जुनें आणि तबकडी नवी असली, म्हणजे ओळख पटत नसे. मग सर्वसामान्य मापानें काम चाले आणि नांव पुसट उठे. याचा उपाय लेपांत नव्हता, भिंगांत नव्हता. कंपनीकडून नवें कोष्टक उतरवून घेण्यांत होता. जिल्ह्याच्या गांवीं राहणाऱ्या गृहस्थाच्या तबकडीवरील अक्षराचा ठळकपणा दूरदेशच्या एका कार्यालयांतील कोष्टकावर अवलंबून राहावा, ही गोष्ट लेखनाच्या इतिहासांत नवीनच म्हणावी लागेल.

खूणमालेंतील दुसऱ्या गोष्टीनें मात्र एक उत्तम उपाय हातीं दिला. तबकडीची स्थिति यंत्रास नेमकी कळत असल्यानें तेंच नांव त्याच जागीं पुन्हां लिहितां येई. पहिल्या खेपेस जे रेणू अर्धवट राहिले ते दुसऱ्या खेपेस रंगत, आणि अक्षर गडद होई. पुसट अक्षर गिरविणें ही आपल्या पाटीवरची जुनी रीति. तीच येथें लेसरनें होई, आणि एका केसाचाही फरक न पडतां. मात्र जोडतां येई, खोडतां येत नसे. एकदां चुकलेली तारीख कायमची. म्हणून जाणते लोक पहिल्या खेपेपूर्वीं मजकूर दोनदां वाचीत, आणि आरंभींच रेखाटनाची निवड अशी करीत कीं लेपाचा दुबळेपणा उघडा पडूं नये. मुखवट्याचें छायाचित्र, ज्यांत करड्या रंगाच्या शेंकडों छटा आहेत, तें या लेपावर धुक्यांत हरवे. जाड वळणाचीं मोठीं अक्षरें आणि पुष्कळशी मोकळी जागा, हेंच त्यास मानवे. देवनागरीच्या बारीक मात्रा-वेलांट्यांची तर विशेष काळजी घ्यावी लागे. लहान आकाराच्या अक्षरांत ‘कि’ आणि ‘की’ यांतला भेद पहिल्यानें जाई.

दुसऱ्या प्रकारच्या पुसटपणाचे, म्हणजे मागाहून फिकट होण्याचे उपाय याहून अल्प आहेत. कारण तेथें कालाशीं गांठ असते. ज्या रेणूची कडी उष्णतेनें उघडली ती पुन्हां मिटूं शकते, आणि सूर्यप्रकाशांतील नीलातीत किरण रंगीत रेणू मोडून टाकतात. टेबलावर उघड्यावर ठेवलेली तबकडी वर्ष-दोन वर्षांत फिकट पडे. अंधाऱ्या कपाटांत ठेवलेली पुष्कळ अधिक टिके. तिसरा शत्रु तर तिच्या वेष्टणांतच दडलेला असे. मऊ, पारदर्शक, पीव्हीसीच्या खिशांच्या वह्या त्या काळीं फार लोकप्रिय होत्या. त्या मऊपणासाठीं जीं द्रव्यें मिसळलेलीं असतात तीं हळूहळू बाहेर येतात व लेपांत शिरतात. म्हणून पॉलिप्रॉपिलीनचीं पाकिटें वापरावीं अशी सूचना होती. ज्या तबकडीवर आपण प्रेमानें नांव लिहिलें, तिला अधिक जपण्यासाठींच महागाच्या वहींत घातलें, आणि त्या वहीनेंच नांव खाल्लें, असें कितीएक घरांत झालें असल्यास नवल नाहीं.

या दोषाचा विचार करून यामाहा व फूजीफिल्म या कंपन्यांनीं २००५ च्या ऑक्टोबरांत ‘लेबलफ्लॅश’ नांवाची प्रतिस्पर्धी पद्धति जाहीर केली. फूजीफिल्मला छायाचित्रांच्या रंगद्रव्यांचा दीर्घ अनुभव. तिनें रंगाचा थर पृष्ठावर न ठेवतां ०.६ मिलिमीटर खोल, पारदर्शक आवरणाखालीं ठेविला. यामुळें दोन लाभ झाले. किरणाला आपल्या सवयीची जाडी मिळाली, व रंगाला हाताच्या तेलापासून आणि घर्षणापासून संरक्षण मिळालें. निळसर रंगाचीं तिचीं चित्रें दिसावयास अधिक स्वच्छ होतीं. परंतु ही रचना डीव्हीडीसच साधणारी असल्यानें सीडी तिच्या कक्षेबाहेर राहिली, तबकड्याही थोड्याच ठिकाणीं मिळत, आणि बाजारांत तिनें कधींच मूळ धरलें नाहीं. गुणानें श्रेष्ठ तें प्रसारानेंही श्रेष्ठ ठरतें असा नियम नाहीं, याचें हें आणखी एक उदाहरण.

शेवट दोघींचाही एकाच वाटेनें झाला. खिशांत मावणाऱ्या स्मृतिकांड्या आल्या, संगणकांतून ड्राइव्हच नाहींसे होऊं लागले, छायाचित्रें दूरच्या सांठवणगृहांत जाऊं लागलीं. लाइटस्क्राइबचें संकेतस्थळ २०१३ च्या अखेरीस बंद झालें, आणि त्याबरोबर नव्या कोष्टकांचा उगमही आटला. हिंदुस्थानांतील मोझर बेअर या कंपनीची कथा या संबंधांत आठवते. १९८३ सालीं दिल्लींत वेळ नोंदविणारीं यंत्रें करण्यासाठीं ती निघाली. एका स्विस घड्याळ-कंपनीवरून तिचें नांव पडलें. पुढें ती तबकड्यांकडे वळली आणि जगांतील मोठ्या तबकडी-उत्पादकांत तिची गणना होऊं लागली. २०१८ सालीं तिच्या विसर्जनाचा हुकूम झाला. सोनीनेंही फेब्रुवारी २०२५ मध्यें लिहितां येण्याजोग्या ब्लू-रे तबकड्यांचें उत्पादन थांबविलें. वेळ मोजण्यापासून निघालेल्या कंपनीस काळानें गांठावें, यांत विनोद आहे तसा विषादही आहे.

मग आज या वृत्तान्ताचें प्रयोजन काय? प्रयोजन असें कीं, नांव पुसलें म्हणजे वस्तु मेली असें नव्हे, आणि पुष्कळ घरांत तसेंच समजलें जाण्याचें भय आहे. आवराआवरींत कपाटांतून वीस कोऱ्या दिसणाऱ्या तबकड्या निघतात. कोणी म्हणतो, या रिकाम्याच असतील, टाकून द्या. वर सांगितलेंच आहे कीं, नांवाचा लेप निराळा व मजकुराचा थर निराळा. नांव पूर्ण उडालें असतांही आंत आजोबांचा आवाज सुखरूप असूं शकतो. त्या थरासही अर्थात् आयुष्याची मर्यादा आहे, म्हणून विलंब योग्य नाहीं. तबकडी तिरपी धरून चकचकीत बाजू उजेडांत पाहिली, तर लिहिलेल्या व न लिहिलेल्या भागांची छटा वेगळी दिसते. त्यावरून ती कोरी आहे कीं भरलेली, हें पुष्कळदां कळतें. पुसट नांव वाचावयाचें असल्यास उन्हांत नेऊं नये. साध्या दिव्याखालीं निरनिराळ्या कोनांतून त्याचें छायाचित्र घ्यावें आणि संगणकावर त्याचा काळेपणा वाढवून पाहावा. लेप संपूर्ण मावळला नसेल तर अशानें अक्षर वाचतां येतें. मग तबकडीची नक्कल दोन निराळ्या ठिकाणीं करून ठेवावी, आणि मूळ तबकडीच्या मध्यवर्ती पारदर्शक कड्यावर बायर्स यांनीं सांगितलेल्या पेनानें एक अनुक्रमांक घालून तोच क्रमांक वहींत नोंदवावा. लेसरच्या गिरवण्याचा उपाय आज बहुतेकांस साध्य नाहीं. तो साध्य असला तरी त्याच्या भरवशावर राहणें शहाणपणाचें नाहीं.

याहून मोठा धडा ग्रामोफोनच्या पहिल्या काळाकडे पाहिलें असतां मिळतो. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांच्या गाण्याचें ध्वनिमुद्रण झालें. मेणाचे ठसे जर्मनींतील हॅनोव्हर येथें जावयाचे, व तेथें तबकड्या निघून त्यांवर नांवें चिकटावयाचीं. तेथील कारागिरांस ना गाण्याची भाषा ठाऊक, ना गाणारीचा आवाज. तेव्हां गाणें संपतांच गौहरजान स्वतः इंग्रजींत आपलें नांव उच्चारीत, म्हणजे नांव चुकण्याचा संभव राहत नसे. त्या काळच्या अनेक गायक-गायिकांच्या तबकड्यांवर अशी घोषणा ऐकूं येते. कागदाचें लेबल झिजलें, फाटलें, तरी शंभर वर्षांनंतरही ती तबकडी आपलें नांव आपण सांगते.

अशीच सोय आपल्या तबकड्यांतही प्रथमपासून होती. संगणकाच्या सीडीवरील मजकुराची मांडणी ठरविणाऱ्या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकांत तबकडीच्या पोटांतच तिचें नांव लिहिण्यास ३२ अक्षरांची जागा राखून ठेवली आहे. ती जागा बहुतेकांनीं रिकामी सोडली, किंवा यंत्रानें स्वतःहून घातलेली तारीख तिथें राहूं दिली. आणि सर्व कौशल्य पाठीवरच्या लेपावर खर्चिलें. आतां नक्कल करतांना ही उणीव भरून काढतां येईल. प्रत्येक संचाच्या आंत एक लहान साधें पत्रक असावें. त्यांत कोणाचें लग्न, कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं, आणि चित्रांत कोण कोण आहेत, हें लिहावें. शक्य असल्यास घरांतील एखाद्या वडीलधाऱ्या मनुष्यानें तेंच चार वाक्यांत बोलून ठेवावें. कारण पंचवीस वर्षांनीं चित्र दिसेल, शालू दिसेल, मांडव दिसेल. परंतु वधूच्या शेजारीं उभी असलेली ती काकू कोण, हें सांगणारें त्या वेळीं कोणी असेलच असें नाहीं.